गुडघाभर खड्डा

घर घेताना आम्ही दोनच गोष्टी बघितल्या. पाणी चढतं का, आणि मागं डोंगर आहे का. महाडमध्ये राहणाऱ्याला पहिली सुचते, पोलादपूरच्या वरच्या वाडीत जन्मलेल्याला दुसरी. मी दोन्हीतली. माहेर कड्याखाली आणि संसार खाली भाड्याच्या खोलीत, जी सावित्रीच्या पुरात पंख्यापर्यंत बुडाली होती. भिंतीवरची चिखलाची रेघ दोनदा रंग मारूनही गेली नाही, तेव्हा मी पुढं कपाट लावून ती झाकली.

त्याच पावसात तळीये गाव दरडीखाली गाडलं गेलं, आणि तेव्हापासून मला आबांची धास्ती. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून वाडीत एकटेच. घरामागं डोंगराला भेग पडलेली, हात आत जाईल एवढी. दर पावसाळ्यात शाळेत हलायची नोटीस यायची आणि आबा ती दाराच्या चौकटीत खोचून ठेवायचे. खाली या म्हटलं की विचारायचे, तुमच्या त्या बुडक्या खोलीत मरायला येऊ का? मला राग यायचा, कारण त्यांचं बरोबर होतं. म्हणून घर हवं होतं. खोटं कशाला बोलू, स्वतःसाठी नव्हे, आबांना त्या भेगेखालून काढायला.

गावाबाहेर एका उंचवट्यावर नवी बैठी घरं होती. नदी लांब खाली, मागं मोकळं आभाळ. पुराच्या साली इथं थेंब चढला नव्हता असं दलाल म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्या माणसानं आम्हाला एकही वाक्य खोटं सांगितलं नाही. एवढी उंच सपाट जागा इथं आली कुठून, हे विचारायची अक्कल मात्र आमच्यातल्या एकालाही झाली नाही.

आबांना दाखवायला आणलं. आमच्याकडं जागा पारखायची एक रीत आहे. गुडघाभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती परत त्यातच भरायची. माती उरली तर जागा भरीव, कमी पडली तर सोडून द्यायची. आबांनी घरामागं खणलं. लाल, दाणेदार माती निघाली. खड्डा भरून वर टोपलीभर उरली. त्यांनी मूठभर उचलून हुंगली.

"माती आपल्या डोंगराची हाय गो," ते म्हणाले. "घे."

घेतलं. नवऱ्यानं टेम्पो चालवून साठवलेलं, माझे दागिने, सगळं त्या भिंतींत गेलं. आबा एक पेटी, कोयता आणि पिशवीत फणसाचं रोप घेऊन खाली आले. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. तिनं आजोबांचा ताबाच घेतला. आबांनी मागं दुधी लावला, पडवळ लावलं. वेल असे माजले की बघत राहावं. आबा घरोघर दुधी वाटायचे. शेजारीण मात्र घ्यायची नाही, हसून दार लोटायची. मी म्हटलं, काय बाई ही शिष्ट.

वर्षभरात मुलीला खोकला लागला. औषधानं जायचा आणि पुन्हा यायचा. दुपारी ऊन तापलं की मोरीतून वास यायचा, अंडं नासल्यासारखा. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यातली फरशी खचली. नवं घर आहे, बसतं थोडं, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो.

मग आबांनी फणस लावायला घेतला. फणसाला कमरेइतका खड्डा हवा. मांडीपर्यंत लाल माती होती. त्याखाली पहार दह्यात जावी तशी गेली. वर काय आलं, तर पिशव्या. नावं अजून वाचता येतील अशा. रबरी चपला, सलाईनच्या नळ्या, काळं पाणी, आणि तोच वास, पण आता तोंडावर मारल्यासारखा. आबा खड्ड्याच्या काठावर बसले ते जेवायच्या वेळेपर्यंत उठलेच नाहीत.

शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, अहो, जुना कचरा डेपो हा, सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला वाटलं तुम्ही जाणूनच घेतलंत. बंद झाल्यावर वरून डोंगर फोडून आणलेली माती पसरली होती. आबांनी आपला डोंगर बरोबर ओळखला होता. मी तरातरा दलालाकडं गेले, तोंडाला येईल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, तुमच्या वडिलांनी स्वतः खणून बघितलं ना, ताई? मला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी कुठं राहता विचारलं, ऐकून पेन खाली ठेवलं, आणि जमलं तर जागा बदला म्हणाले. जमलं तर! गावातलं कुणी ते घर घेत नाही. घेईल तो आमच्यासारखाच वरून उतरलेला, डोंगराला भ्यालेला. अशी दोन माणसं आली होती. दोन्ही वेळा मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण ते बोलवेना.

दिवाळीला आबा नातीला घेऊन वाडीत गेले. आठवड्यात तिचा खोकला थांबला. मग तिचं नाव तिथल्याच शाळेत घातलं. मे महिन्यापर्यंत पोर ठणठणीत झाली, गालावर तुकतुकी आली. आणि जून आला.

मी जीप घेऊन दोघांना आणायला गेले. भेगेत आता हात नव्हे, अख्खा दंड जात होता. आबांनी मुलीला जीपमध्ये बसवलं, तिचं दप्तर मांडीवर ठेवलं आणि स्वतः बाहेरच उभे राहिले. मी विनवलं, रडले, शेवटी भांडले. ते जागचे हलले नाहीत.

"हितं काय झालं तर ते डोंगराचं," म्हणाले. "तिथं तुम्हाला मी घातलं. माझ्या हातानं खणून. तिथं बसून हिचा खोकला ऐकवत नाय मला."

रविवारी तिला खाली आणलं. बुधवारी सकाळी आबांचा फोन आला.

"खोकते का?"

"नाय," मी म्हणाले, आणि त्याच क्षणी ती आतून खोकली. बराच वेळ खोकत राहिली.

मग मीच विचारलं, तिकडं पाऊस लागला का?

"नाय," ते म्हणाले. त्यांच्या फोनमधून पडवीच्या पत्र्यावर कोसळणारा पाऊस मला ऐकू येत होता.