लाल दिव्यामागची रांग

सुनेनं देवापुढं शेवंती वाहिली नि वासासरशी सापुताऱ्याचा घाट आठवला. हिवाळ्यात अवकाळी पाऊस, वर दाट धुकं, नि मी टेम्पोभर शेवंती घेऊन नाशिकहून एकटाच सुरतेला निघालेलो. चहावाला म्हणाला, "मामा, धुकं उठू द्या." मी म्हणालो, "रस्ता पायाखालचा हाय माझ्या." घाटात काच पुसून बोटं बधिरली, तरी थांबलो नाय. शेवटी काहीच दिसेना तेव्हा उतरलो, तर पुढचं चाक दरीच्या काठाला! तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. धुक्यात ट्रकांच्या दिव्यांची रांगच उभी. पहिला ड्रायव्हर ओरडला, "चला की मामा! तुमचा लाल दिवा धरूनच आलोय सगळे!" मी त्याला चाकाकडं बोट दाखवलं. हट्टी मी आजही हाय, पण ती रांग आठवली की हात गार पडतात.