मुक्या गेमांचं दुकान

फुडल्या खोलीत माझ्या लेकानं गेमचं दुकान घातलं, तवापासून आमच्या मालकाला मला मारायला लई सोपं झालं.

ह्ये मी रागानं सांगत न्हाय. जसं झालं तसं सांगते. शाळा माझी दुसरीपतोर, सजवून बोलायला येत न्हाय.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असंल. बारामतीत, इंदापूर रस्त्याच्या अंगाला आमच्या दोन खोल्या व्हत्या, एकीमागं एक. मधी लाकडी दार. ल्योक आधी लोणी देवकरला कारखान्यात जायचा. तिथल्या हापिसानं जुनं कंप्युटर काढून टाकलं, ते ह्यानं उचललं, फुडल्या खोलीत मांडलं, अन् कॉलेजची पोरं तासाव पैसं देऊन खेळाय लागली. सगळ्यांची लाडकी गेम एकच. हातात बंदूक घ्यायची, भुयारातनं पळायचं अन् दिसंल त्याला मारायचं. दर डब्ब्याला दोन-दोन स्पीकर. गोळ्या सुटायच्या, राक्षस मरताना वरडायचं, वरचा पत्रा थरथरायचा.

मालक पयलं कन्हेरीला एका बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवायचं. तितं आमी मळ्यातच ऱ्हायचो, चौबाजूनं ऊस. तितं मालकाला आवाजाची फिकीर न्हवती. ऊस कुनाला सांगनार. बारामतीत आलो अन् भिंतीला भिंत लागली. शिवाय मालकाला गल्लीत मान. पांढरी टोपी, कडक सदरा, जो तो "तात्या, तात्या" करायचा. म्हून हितं ते आधी रेडिओ मोठा करायचं अन् मग हात उचलायचं. एका दिवशी त्यो रेडिओच माझ्या पाठीत फोडला. मग काय दिवस माझ्या तोंडात पदर कोंबून भागवलं. अन् मग दुकान आलं.

दुपार कलली की पोरं जमायची, मालक पैसं घ्यायला गल्ल्याव बसायचं. आवाज चढला की मालक गल्ल्यावरनं उठायचं. "च्या झाला का बघतो," म्हनायचं. आत येऊन मधलं दार लावायचं. मोरीत पानी भरायचा हिरवा पाइप व्हता, त्यातला हातभर तुकडा तोडून ठेवलेला. कारन काय बी चालायचं. च्या पानचट झाला, उंबऱ्याव चप्पल पालथी पडली. पलीकडं राक्षस वरडतोय, हितं मी. फरक कुनाला कळनार. एक डाव डाव्या कानाव हात असा बसला की त्या कानात आजबी शिट्टी वाजती. फुडला एक दात बी तवाच गेला. हात चालला की मालक टोपी सारखी करायचं, च्याचा कप घ्यायचं अन् बाहेर जाऊन पोरांना इचारायचं, "काय रं, किती मारलं आज?"

पोरं हसायची. "तात्या, लई मारलं."

लेकानं ल्हानपनी मार खाल्लेला, माझा बी बघितलेला. पर आता त्याला वाटायचं, तात्या म्हातारं झालं, थंड पडलं. मला काळंनिळं बघितलं की इचारायचा. मी म्हनायचे, मोरीत घसरले. त्याला बी तेच ऐकायचं असंल, त्यो फुडं इचारत न्हवता. अन् मी खरं सांगितलं असतं तर दुकान उठलं असतं. त्याच्या पोटाव पाय देऊन मला काय मिळनार व्हतं.

मग लेकानं नवं कंप्युटर आनलं. जुनं सारखं अडकायचं, पोरं कुरकुरायची. नवं लई पळायचं, चित्र झकास दिसायचं. पयल्या दिवशी पोरं जागा धरून बसली. मी दाराच्या फटीतनं बघत व्हते. गेम चालू झाली, बंदूक फुडं आली, पोरानं गोळी सोडली. आवाजच न्हाय. राक्षसानं आ वासला, पडला, मेला. आवाज न्हाय. समदी गेम मुकी.

"आरं, स्पीकर लाव की," एक म्हनला.

"लावलाय."

"मग राक्षसाची दाढ दुखती का काय? गप गप मरतोय."

लेकानं गानं लावून बघितलं, गानं झकास वाजलं. नव्या गेमा वाजायच्या. फकस्त जुन्या डॉसवरच्या गेमाच मुक्या, अन् पोरांना पायजेत त्याच. गेमसंगं गानंच लावावं म्हनावं, तर जुनी गेम लावली की मशीन दुसरं कायबी चालू देत न्हवती. त्यामुळं खोली गपगार. नुसत्या बटनांची टकटक.

त्या दिवशी मालक गल्ल्यावरनं उठलं, दारापतोर आलं, कान देऊन उभं ऱ्हायलं अन् माघारी फिरलं.

तवा मला कळलं. आवाज आला न्हाय तोवर माझी हाडं शाबूत. पर आवाज आला न्हाय तर लेकाचं दुकान बसनार. दोन्हीतलं काय मागायचं? मी मनातनं एकच मागायचे, आवाज लागू नको. तोंडानं लेकाला म्हनायचे, लागंल बाबा.

बिनआवाजाचं मारनं मालकाला गोड लागत न्हवतं. बोटं पिरगाळायचं. गळ्यापाशी अंगठा दाबून धरायचं, डोळ्यांम्होरं काजवं आलं की सोडायचं. दंडाला बिडी लावली दोन-चारदा, मी आवाज केला न्हाय. पर त्यांचं समाधान हुईना. माझ्याकडं बघून त्यांच्या हाताची बोटं नुसती हालायची. अन् लेकाच्या मागं लागायचं, "आवाजाचं काय झालं? कवा लावतोस?" पोरं म्हनायची, ह्या वयात तात्यांना धंद्याची किती कळकळ. मी आत लसूण सोलत ऐकायचे.

ल्योक दिसरात त्याच नादात. गेमच्या आधी एक निळी पाटी यायची. आवाजाचं कार्ड कंचं अन् कुठल्या नंबराव बसलंय, ते ती इचारायची. ह्यो एक नंबर द्यायचा, गेम मुकी. दुसरा द्यायचा, मशीन जागच्या जागी गोठायची. येका मेस्त्रीनं येऊन सांगितलं, कार्ड चांगलं हाय, गेमा जुनाट, टाकून द्या. मालक उठलं अन् ट्रॅक्टरला हानत्यात तशी डब्ब्याला थाप हानली. त्यानं काय व्हनार व्हतं.

जेवताना मी लेकाला इचारलं, "एवढं काय अडलंय त्यात?"

त्यो म्हनला, "आये, कन्हेरीला आपन उसाला पानी सोडाय चारीची दारं धरायचो न्हाय का? तसंच हाय. चारीला पानी हाय. पर गेम जुनी, ती सवयीनं जुन्या दारापाशी जाऊन बसती. नव्या मशीनीत पानी सुटतंय दुसऱ्याच दारानं. तिला सांगावं लागतंय, हितं बस म्हून."

"मग सांग की."

"सांगतोय. पर नव्या कार्डाचं दार कंचं त्येच घावत न्हाय. अन् एका दाराव आधीच प्रिंटर बसलाय. दोघं एकाच पाळीला आलं की भांडनं."

पानी म्हनल्याव मला कळलं. पान्याच्या एकाच पाळीला दोघं आल्याव खोरं डोक्यात बसलेला मानूस मी बांधाव पडलेला बघितलाय. मी त्याला भाकरी वाढली. मालक बाजूला जेवत व्हतं. म्हनलं, "मग त्या प्रिंटरला काढ की. भांडन मिटंल."

लेकानं बापाकडं बघितलं. "तात्या, ह्ये डोक्यात आलंच न्हवतं."

पोरांत एक बावड्याचा व्हता. बावडा माझं माहेर. त्याचं-माझं रक्ताचं कायबी न्हाय, घरं बी लांबलांब. पर माहेरच्या गावचं पोरगं म्हंजी भावाचंच. त्यो मला आत्या म्हनायचा अन् मालकाला मामा. सनाला येऊन पाया पडायचा. दुकानात कितीबी पोरं असू द्यात, आधी आत येऊन "आत्या, बरी हाईस न्हवं?" इचारायचा अन् मगच खेळाय बसायचा. मी "बरी हाय" म्हनायचे. माहेरला तेवढाच निरोप जायचा, आत्या बरी हाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकानं प्रिंटर सोडवला. मी आत गवारीच्या शिरा काढत व्हते. पलीकडं पोरं येकदम गप झाली. मग गोळी सुटली. पयली गोळी ऐकू आली अन् माझ्या हातातली शेंग खाली पडली. पोरं नाचाय लागली. "लागला रं, लागला! मोठा कर!" लेकानं मोठा केला. पत्रा पयल्यासारखा थरथराय लागला.

मालक आत आलं. च्याचं बी नाव घेतलं न्हाय. दार लावलं, मोरीतनं पाइप आनला.

इतक्या दिसांचं साठलेलं व्हतं. पयला फटका तोंडावरच बसला, नाकातनं रगात आलं. मी भिंतीला टेकले तर केसाला धरून खाली घेतलं अन् पाठीत सुरू. मी वरडत न्हवते. वरडून कोन ऐकनार व्हतं. मी फकस्त रगात गवारीत पडू नये म्हून ताट पायानं बाजूला सारलं. मालक दात खाऊन म्हनत व्हतं, "मुकी ऱ्हायलीस न्हवं एवढं दिस? मुकी ऱ्हायलीस न्हवं?" जशी गेम मीच मुकी केलेली.

अन् येकाएकी पलीकडचा आवाज बंद झाला.

कसा, ते लेकानं मागनं सांगितलं. नंबर घावला तरी त्यो मशीनीत कायमचा लिहून ठेवायचा असतोय, अन् लिहिल्याव मशीन बंद करून परत चालू केल्याबिगर त्यो धरत न्हाय. म्हून त्यानं पोरांना थांबवलं अन् सगळ्या मशिनी एकदम बंद केल्या. त्याला कायबी ठाऊक न्हवतं.

मालकाचा हात तवा वर गेलेला. वरनं निघालेला हात मधी थांबत न्हाय. त्या गपगार घरात पाइप माझ्या पाठीत बसला अन् माझ्या तोंडातनं हुंकार गेला. फुडल्या खोलीत खुर्ची सरकल्याचं बी ऐकू आलं, एवढं शांत झालेलं.

मालक पाइप धरून तसंच उभं ऱ्हायलं. दार ढकललं गेलं, कडी निखळली. फुडं ल्योक, त्याच्या मागं बावड्याचा, त्याच्या मागं दोन-तीन पोरं.

मालक म्हनलं, "घूस शिरली व्हती मोरीतनं. मारत व्हतो."

बावड्याचा म्हनला, "मामा, घुशीला लुगडं नेसवता व्हय तुमी?"

मालकानं त्याला आई-बापावरनं शिव्या घातल्या. माझ्या घरात मला शिकवनारा तू कोन म्हनलं. त्यो म्हनला, "मी आत्याचा भाचा." अन् फुडं आला. मालकानं त्याच्याव पाइप उगारला, तवा माझ्या लेकानं त्यो हवेतच धरला. मालकानं दुसऱ्या हातानं लेकाच्या तोंडात दिली. मग लेकानं पाइप फिरवला.

मी लेकाला हात उचलताना कवा बघितलं न्हवतं. मालक खाली पडलं, टोपी पडली, तरी त्यो थांबंना. बावड्याचा त्याला वढत व्हता. मालक खालनं म्हनत व्हतं, "बापाला मारतोस? आरं, लोकं ऐकत्यात."

"ऐकू द्यात," ल्योक म्हनला, अन् परत हानला.

मला बरं वाटलं न्हाय. वाईट बी वाटलं न्हाय. मी त्याचा हात बघत व्हते. त्यो हात मला वळखीचा वाटाय लागला, तसाच कोपरातनं वर जानारा. मी उठले, त्याच्या अन् मालकाच्या मधी गेले. एक फटका माझ्या खांद्याला बसला अन् त्यो थांबला.

मी म्हनलं, "बास. तुला न्हाय शिकायचं ह्ये."

त्यानं पाइप टाकला अन् मोरीत जाऊन हात धुवत बसला. बावड्याच्यानं मला तांब्याभर पानी दिलं. त्याच्या डोळ्यात पानी व्हतं. म्हनला, "आत्या, मी रोज इचारत व्हतो की गं."

"व्हय," मी म्हनलं. "तू इचारत व्हतास."

दुकान काय दिवस चाललं. ल्योक आता नंबर जानत व्हता, मशिनी वाजवनं हातचं काम. पर त्यानं स्पीकरच काढून टाकलं. पोरं म्हनायची, "आरं, आता घावलंय तर लाव की." त्यो म्हनायचा, "मुकी खेळायची तर खेळा." दार सताड उघडं ठेवायचा, म्हंजी गल्ल्यावरनं मी दिसावी. मालक बाहेर ओट्याव बसायचं. पोरं त्यांना तात्या म्हनंनाशी झाली. नुसती बघायची अन् आत जायची. तेवढ्यानंच मालक खाली बघाय लागलं. माझ्या अंगाला परत हात लावला न्हाय.

पर मुक्या गेमा किती दिस खेळनार. स्टँडाकडं दुसरं दुकान निघालं, तितं आवाज व्हता, पोरं तिकडं गेली. बावड्याचा शेवटपतोर यायचा. मग लेकानं मशिनी इकल्या अन् परत लोणी देवकरचं काम धरलं. त्याचं दुकान माझ्यापायी गेलं, ह्ये मी त्याला म्हनून बघितलं. त्यो म्हनला, "आये, भाकरी वाढ."

तितं कारखान्याच्या मागं आमी खोली घेतली, दोघांनी. मालक बारामतीलाच ऱ्हायलं.

येकदा ते आलं. फाट्यावरनं उनाचं चालत आलं असतील, सदरा भिजलेला. दारात उभं ऱ्हायलं. ल्योक कामाव गेलेला. मी पानी दिलं. ते उभ्यानंच प्यालं अन् आत बघाय लागलं, कुठं टेकायला जागा हाय का म्हून. मी चूल पेटवली, पिठलं टाकलं, दोन भाकरी केल्या. ताट भरलं अन् उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं.

मालक म्हनलं, "आत न्हाय का घ्यायचं?"

"न्हाय," मी म्हनलं. "तितंच बसा. सावली हाय."

ते बसलं अन् जेवलं. ताट धुवून उंबऱ्याव ठेवलं अन् गेलं.