वाचते, वाचत नाही

नाशिकहून एसटीने भिवंडीला उतरले तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. शाळांनी वर्षभरात किती प्रगती केली ते मोजणं हे माझं काम. त्या निमित्ताने गावं पाहून होतात, शिव्याही खाऊन होतात. वडापाव खाऊन शेलार गावाच्या पुढच्या एका गावाला रिक्षाने निघाले.

भाताच्या खाचरांत आता गोदामं उभी आहेत. ट्रेलरच्या रांगेत रिक्षा अडकली. "मॅडम, आगे जाम है, पैदल निकल जाव," रिक्षावाला म्हणाला. चालताना चपलेचा अंगठा तुटला, म्हणून एका घरात सुई-दोरा मागितला. आत दहाएक वर्षांची मुलगी गणवेशात बसली होती.

"शाळेत नाही गेलीस?"

"आज चाचणी हाय. मला वाचाया येत न्हाय, म्हणून मोठ्या बाईंनी घरीच ऱ्हायाला सांगितलं."

चाचणी घ्यायला मीच आलेय म्हटल्यावर तिच्या आईने आग्रहाने तांदळाची भाकरी आणि जवळा (बारीक सुकी कोळंबी) वाढला. "तिला न्या, ताई. सकाळधरनं गणवेश घालून बसलीय."

मी तिला घेऊन शाळेत शिरले, तशा मुख्याध्यापिका पांढऱ्याफटक पडल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पट आधीच कमी. वाचणाऱ्यांचा आकडा घसरला तर शाळा बंद करून मुलं शेलारला पाठवतील. या ट्रेलरच्या गर्दीतून पोरींना कोण पाठवणार हो?"

बाई खोटं बोलत नव्हत्या. पण दारात आलेल्या पोरीला परत कशी धाडू? मी उतारा तिच्यापुढे ठेवला.

"पा... णी. पाणी," ती म्हणाली आणि हसली. असे तीन शब्द तिने ओढून काढले, मग अडली.

"गेल्या वर्षी हिला एक अक्षर येत नव्हतं," मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या.

माझ्या मोबाइलवर दोनच रकाने होते: उतारा वाचते, उतारा वाचत नाही. तीन शब्दांना जागा नव्हती. मी दुसरा दाबला.

परतीच्या एसटीत मला त्या रकान्यांचा संताप येत होता. पाऊण वर्ग मागच्या वर्षी होता तिथेच होता. सगळ्यांत जास्त पुढे सरकली होती ती हीच, आणि शाळेचा आकडा खाली आला तोही हिच्यामुळेच.

जूनमध्ये मुख्याध्यापिकांचा फोन आला. शाळा शेलारच्या शाळेत मिसळली होती. त्या रागावल्या नाहीत, याचंच मला जास्त लागलं.

"आणि ती?" मी विचारलं.

"आई रस्ता ओलांडू देत नाही. घरीच असते."