महिनाभराचे शिक्के

"काल तुझं छत्तीस सहा लिहिलं होतं. आज पाच लिहिते. रोज सेम दिसलं की संशय येतो."

"मला चाळीस पाहिजे."

"चाळीस लिहिलं तर घरी पाठवतील, बाका! वेडी कुठली!"

शाळेच्या दारात, बूट ठेवायच्या कपाटाआड, नऊ वर्षांची आर्या आपल्या सहा वर्षांच्या बहिणीला, सईला, मराठीत समजावत होती. मी दोन हात अंतरावर उभी होते. पण तोंडावर मास्क, बॅजवर फक्त 'मिस रिया', आणि शाळेत मी इंग्रजीच बोलायचे, तेही कमी. मला मराठी कळतं हे त्यांना माहीत नव्हतं.

जपानमधल्या इचिकावातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी असिस्टंट टीचर होते. कोविडमुळे शाळा बंद होती, वर्ग लॅपटॉपवर चालायचे. एक खोली मात्र उघडी होती. ज्यांचे आईवडील हॉस्पिटल, वृद्धाश्रम, डिलिव्हरी अशा न थांबणाऱ्या कामांवर जातात ती मुलं, आणि ज्यांना घरी एकटं ठेवणं धोक्याचं आहे ती मुलं तिथे यायची. कागदोपत्री नाव 'की-वर्कर रूम'. एकूण अकरा मुलं, प्रत्येकाचं टेबल वेगळं, कानाला हेडफोन, आपापल्या वर्गात लॉगिन. पासवर्ड, चार्जर, डबे आणि खिडक्या उघड्या ठेवणं हे माझं काम.

आत येताना एकच गोष्ट तपासायची: तापाचं कार्ड. पालकांनी सकाळी घरी ताप मोजायचा, सेल्सियसमधला आकडा लिहायचा आणि शेजारी हांको मारायचा. हांको म्हणजे नावाचा छोटा लाल शिक्का, इथे सहीच्या जागी चालतो. शिक्का नसेल तर मूल परत घरी. ऑफिसप्रमुख मोरिताबाई, इथल्या भाषेत मोरिता-सान, यांचा हा नियम होता आणि त्यांच्याकडे अपवाद नसायचा.

त्या दिवशी मी दोघींची कार्डं नीट पाहिली. पुढच्या आठवड्याच्या रकान्यांतही शिक्के होते. महिनाअखेरपर्यंत, सगळे सरळ रांगेत. मला हसू आलं. माझी आईसुद्धा शाळेच्या डायरीत महिन्याच्या सह्या एकदम करून ठेवायची. आपल्याकडे त्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. इथे म्हणतात.

डब्याच्या वेळी मी आर्याजवळ बसले आणि हळूच मराठीत विचारलं, "ताप कोण मोजतं गं?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. "तुम्हाला सगळं कळतं?"

"कळतं."

"आई पावणेसहाला जाते. वृद्धाश्रमात काम करते. बाबा पुण्यात अडकलेत, फ्लाइट्स बंद आहेत."

"आणि थर्मामीटर?"

"पडला. दुकानात संपलेत." हे खरं होतं. तेव्हा कुठेच मिळत नव्हते. "मी हात लावून बघते. आधी माझं कपाळ, मग सईचं. मग तिला पूर्ण टोस्ट खायला लावते. संपवला तर ताप नाही."

"आणि गरम लागलं तर?"

"एकदाच लागलं. मंगळवारी. मग आम्ही आलोच नाही."

मी रजिस्टर उघडलं. मंगळवारी दोघी गैरहजर होत्या. गैरहजेरीचा ऑनलाइन फॉर्म आईच्या नावाने व्यवस्थित भरलेला होता. तो कुणी भरला हे विचारायची गरज नव्हती.

"आईला सांगितलंस?"

"नाही. ती काम सोडून आली असती. मग तिथल्या आजी-आजोबांना कोण भरवणार?"

"दिवसभर काय केलंत?"

"कडी लावली. दर तासाला हात लावून बघितला. संध्याकाळी गार लागली."

मी तिच्या हाताकडे बघत राहिले. नखांत स्केचपेनचा निळा रंग होता. त्या एवढ्याशा हाताने आमच्या खोलीतल्या सगळ्या मुलांची काळजी घेतली होती, आणि आम्ही दारात शिक्के तपासत होतो. मला तिला शाबास म्हणावंसं वाटलं. ते इतकं अपुरं होतं की म्हटलं नाही.

दुपारी तिच्या आईला फोन केला.

"अगंबाई, तुम्ही मराठी आहात होय! मॅडम, शिक्के मीच मारले. पोरींना पहाटे पाचला उठवून ताप कशाला मोजू? आणि मोजायला तरी काय आहे घरात? चुकलंच माझं. पण पोरींच्या जागा काढून घेऊ नका. मला काम सोडावं लागेल, नाहीतर पोरींना दिवसभर कुलपात ठेवावं लागेल."

मग मी मंगळवारचं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मला म्हणाली, आज शाळेत चित्रं काढली."

गप्प राहणं मला सोपं होतं. सवयच आहे. पण खोलीत आणखी नऊ मुलं होती आणि त्यातल्या कित्येकांच्या आया हॉस्पिटलमध्ये कामाला होत्या. मी मोरिता-सानना सगळं सांगितलं. चार वाजता मीटिंग लागली.

मोरिता-साननी दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. "रेकॉर्ड खोटं आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "इतर पालकांना मी काय सांगू? दोन्ही जागा रद्द कराव्या लागतील." त्यांचं चुकत नव्हतं. नियम मुलांसाठीच होता. प्रिन्सिपॉल सर चष्मा पुसत होते. "एनी कॉमेंट्स?" त्यांनी विचारलं, आणि कुणी बोलेल असं त्यांना वाटत नव्हतं. मी तर कधीच बोलत नसे, मी नोट्स घ्यायचे.

पुढे काय झालं ते आधी सांगते. जागा राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळ्याच मुलांचा ताप शाळेच्या दारात मोजायचं ठरलं. शाळेत एकच थर्मामीटर होता, तर मोरिता-साननी घरून स्वतःचा आणला. दार तासभर आधी, साडेसातला, उघडू लागलं, आणि किल्ली घेऊन त्या माझ्याही आधी हजर असायच्या. आईची शिफ्ट बदलली नाही. आर्याने पहिल्या सकाळी सईचा आकडा दोनदा वाचून खात्री केली, मगच तिला आत सोडलं.

यातून शिकले ते एवढंच: शिक्का पाहिला की आपण घर पाहिलं असं वाटतं. पाहिलेलं नसतं.

आणि त्या मीटिंगमध्ये, पेन खाली ठेवून मी म्हणाले, "बहिणीचं कपाळ गरम लागलं तेव्हा त्या मुलीने तिला आणलं नाही, मोरिता-सान. दिवसभर एकटीने सांभाळलं. तुम्ही उद्या साडेसातला दार उघडा. ताप मी मोजते."