रक्त थांबवणारी डबी

बायकोला धीर द्यायचा म्हणून डेंटिस्टच्या खुर्चीत आधी मी बसलो, ही माझी चूक.

सुनंदाची, म्हणजे माझ्या पत्नीची, दाढ आठवडाभर ठणकत होती. बिबवेवाडीत आमच्या घरापासून चार इमारती सोडून, स्टेशनरीच्या दुकानाच्या वर, एका तरुण डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. तिथवर ती आली, पण खुर्ची बघून दारातच थबकली. "अगं, त्यात काय एवढं," म्हणत मी खुर्चीत चढून बसलो. डॉक्टरबाईंना म्हणालो, "आधी माझे बघा, म्हणजे हिची भीती जाईल. या वयात एक दात किडलेला नाही."

"किडलेला नाही, हे खरं," आरसा फिरवून त्या म्हणाल्या. मग बारीक खुणांची एक सळई त्यांनी दात आणि हिरडी यांच्यामध्ये सरकवली आणि लिहून घेणाऱ्या बाईंना आकडे सांगू लागल्या. पाच, सहा, सहा, सात. मला वाटलं, मार्क देताहेत. दहापैकी सात म्हणजे वाईट नाही, असं मनाशी म्हणून मी सुखावलो.

ते मिलिमीटर होते.

निरोगी हिरडीत ही सळई दोन-तीन मिलिमीटरवर थांबते. माझ्या तोंडात ती आत चालतच गेली. हिरडी दातापासून सुटून जी खोल फट होते, तिला पॉकेट म्हणतात. तिथे अन्नाचे कण आणि जंतू साठतात, ब्रश पोचत नाही, आणि खालचं हाड हळूहळू झिजतं. या आजाराचं नाव पेरिओडोन्टायटिस. ते मला नीट उच्चारता यायला आठवडा लागला. दात वरून पांढरा, धड, आणि पाया गेलेला.

"खालचे पुढचे दोन हलताहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जाणवलं नाही?"

"दुखत नाहीत. रक्तही येत नाही," मी जरा ऐटीतच सांगितलं.

"तंबाखू?"

"छे. फक्त मिश्री."

त्यांनी सळई खाली ठेवली. दारात उभी असलेली सुनंदा फरशीकडे बघू लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि ती पूड बोटाने दातांना घासायची. आमच्याकडे ही व्यसनात धरत नाहीत, स्वच्छतेत धरतात. तंबाखूच्या पुडीवरून माझ्या आईने वडिलांना आयुष्यभर बोल लावले, आणि ते स्वतः मिश्री लावता लावता.

विशीत माझ्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा आईने मला डबी दिली. चार दिवसांत रक्त थांबलं. मी ते औषध समजलो. पुढे आमच्या मुलीच्या वेळी सुनंदाला दिवस गेले आणि ब्रश करताना तिला रक्त येऊ लागलं. गरोदरपणात तसं होतं, हे मला आता कळलं. तेव्हा मी म्हणालो, हिच्या हिरड्या मुळातच नाजूक, आणि डबी तिच्यापुढे धरली. तिच्या माहेरी कुणी मिश्रीला हात लावलेला नव्हता. ती नको म्हणाली. पहिल्या दिवशी तिला चक्कर आली. मी म्हणालो, चार दिवस लाव, सवय होईल.

सवय झाली. मुलगी आता इंजिनीअरिंगला आहे.

"रक्त थांबलं म्हणजे आजार थांबला, असं नसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हिरडी बधिर होते. रक्त ही सूचना होती. तुम्ही सूचना देणाऱ्याचंच तोंड बंद केलंत."

मग त्यांनी माझा दिवस विचारला. पूर्वी मी एका कारखान्यात स्टोअर्सला होतो. सायरन झाला की जेवण, सायरन झाला की सुटी. कारखाना बंद पडला, मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मांजरी गावाच्या बाजूला उसाच्या शेतांच्या जागी उभ्या राहिलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ट्रान्सपोर्ट डेस्कला लागलो. पोरांच्या गाड्या कुठे अडकल्यात, हे दिवसभर फोनवर विचारायचं. बोलून घसा कोरडा पडला की मशीनचा गोड चहा, सोबत क्रीमची बिस्किटं. दिवसाला आठ-नऊ कप होत, फुकट असल्यामुळे मोजत नव्हतो. जेवण मिळेल तेव्हा. झोपही तशीच. सकाळी घाईत मिश्रीचं बोट फिरलं की दात घासून झाले.

हे सगळं लिहून घेऊन त्यांनी मला रक्तातली साखर तपासायला पाठवलं. वाढलेली निघाली. साखर वाढली की हिरडीचा आजार बळावतो, आणि हिरडी बिघडली की साखर आटोक्यात येत नाही. दोघांचं चांगलं जमतं.

त्यानंतर सुनंदा खुर्चीत बसली. दाढेत कीड होती, ती भरली. पॉकेट चार, पाच. "यांचं वेळेवर लक्षात आलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मिश्री बंद केलीत तर सगळे दात राहतील." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचे ते दोन राहतील का, हे तुमच्यावर आहे. तीन महिन्यांनी बघू."

दोघांचं स्केलिंग झालं, म्हणजे दातांवरचा दगडासारखा थर खरवडून काढला. माझं रूट प्लेनिंगही झालं, म्हणजे हिरडी बधिर करून दाताची मुळं आतून साफ करणं. चार खेपा. सुनंदाने मिश्री भाजायचा तवा त्याच आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकला. मिश्री भाजतानाच्या धुराने हैराण झालेल्या वरच्या मजल्यावरच्या काकू इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी हसून बोलल्या.

मिश्री सोडल्यावर काही दिवस रक्त येईल, घाबरू नका, ब्रश थांबवू नका, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. तिसऱ्या आठवड्यात दोघांनाही रक्त आलं. बेसिन लाल झालेलं पाहिलं आणि मी डॉक्टरबाईंपेक्षा बेसिनवर विश्वास ठेवला.

स्वारगेटला बस बदलताना तयार मिश्रीची पुडी घेतली. बामच्या रिकाम्या डबीत भरली. ऑफिसच्या स्वच्छतागृहात हात पुढे केला की आपोआप पाणी येणारे नळ होते. त्या नळांसमोर मी बोटाने दात घासत उभा राहायचो आणि कुणी आलं की चूळ भरून बोट रुमालाला पुसायचो. दोन दिवसांत रक्त बंद.

घरी सांगितलं, मऊ ब्रशचा गुण आला. सुनंदाला मात्र येतच होतं. ती रोज घाबरायची, लाल थुंकायची आणि तरीही सांगितल्याप्रमाणे घासायची. वर मी म्हणायचो, "तुला अजून येतंय? त्या बाईंचं काहीतरी चुकतंय."

"त्या तोंड बघून बोलतात," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं बोलता."

महिना-सव्वा महिन्यात तिचं रक्त थांबलं. यावेळी खरं थांबलं.

तीन महिन्यांनी पुन्हा आकडे झाले. तिचे दोन, तीन, तीन. माझे त्या दोन दातांपाशी आठ.

"चालू होती ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं. तोंडात आरसा असताना खोटं बोलणं अवघड असतं. मी प्रयत्न केला. त्यांनी फक्त दात बोटाने हलवून दाखवला.

दोन्ही काढले. इंजेक्शनपलीकडे काही दुखलं नाही. ओढावं लागलंच नाही, त्याचंच वाईट वाटलं. स्टीलच्या ताटलीत ते दोघे पडले होते, पांढरे, कीड नसलेले. डॉक्टरबाईंनी कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला आणि म्हणाल्या, "तासभर बोलायचं नाही."

वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. ब्रश करताना रक्त आलं तर ते थांबवायची युक्ती शोधू नका, ते का आलं हे दाखवून घ्या. जे कधी दुखलं नाही त्याचा भरवसा धरू नका. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला औषध सांगण्याआधी आपण कोण, हे स्वतःला विचारा. डॉक्टरबाईंचे आभार मानतो. त्या माझ्यावर एकदाही रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं.

घरी आलो. बोळा दाबून खुर्चीत बसलो. सुनंदाने मऊ भाताला कुकर लावला आणि माझ्या समोर येऊन बसली. इतक्या वर्षांत मी तासभर गप्प बसण्याची ही पहिलीच वेळ होती.

"रुमाल मीच धुते," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

मग बोलली का नाहीस, असं मी हाताने विचारलं.

"मी नको म्हटलेलं तुम्ही ऐकल्याचं मला आठवत नाही." ती उठून कुकरकडे गेली, आणि तिथूनच म्हणाली, "दात तुमचे गेले ते बरंच झालं. माझे गेले असते, तर तुम्ही म्हणाला असतात, हिच्या हिरड्या मुळातच नाजूक."