डावीकडच्या दांडीची मशीन

गोवा वेगळं राज्य झाल्यावरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. इब्रामपूरहून लग्न होऊन मी साखळीला आले होते आणि घरी हाताने भरतकाम करत होते. एका शाळेने गणवेशाच्या खिशावरचं चिन्ह भरून मागितलं, तेही सगळ्या मुलांसाठी. एक चिन्ह हाताने भरायला माझी अख्खी सकाळ जायची. पाळी गावच्या खाणीवर कारकून असलेले माझे यजमान म्हणाले, "आता मशीनच घे. धंदा करायचा तर धंद्याची मशीन हवी."

मला हवी होतीच. पण लहानपणी पोलिओ होऊन माझा उजवा पाय काटकुळा राहिला होता. शिवणसुद्धा मी हातमशीनवरच करायची. धंद्याच्या मशीनला पाय लागतात हे यजमानांना सुचलं नाही आणि मीही बोलले नाही.

त्यांना रजा मिळेना, म्हणून मशीन घ्यायला म्हापशाला माझ्याबरोबर सासू आली. तिला आम्ही मांय म्हणायचो. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण मांयने माझ्या पायाचा विषय एकदाही काढला नव्हता. तिला लाज वाटत असावी, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दुकानात दोन मशिनी होत्या. एक नवी, चकचकीत. दुसरी बेळगावच्या कुठल्याशा कारखान्यात वापरलेली, कडांचा रंग उडालेली. दुकानदाराने मला नवीवर समजावलं. सुई जागच्या जागी डावी-उजवी हलते, रिंगेत ताणलेलं कापड आपण हाताने फिरवायचं आणि टेबलाखालची दांडी उजव्या गुडघ्याने जेवढी ढकलावी तेवढा टाका रुंद होतो. पानाचं टोक बारीक आणि पोट फुगीर येतं ते त्यामुळेच.

मी बसले. डाव्या पायाने पायडल दाबलं, सुई धावली. उजवा गुडघा दांडीला टेकवला, पण ढकलायला जोर कुठून आणणार? कापडावर नुसती सरळ रेघ उमटली.

दुकानदार माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "वहिनी, ही तुमच्यासाठी नव्हे. एखादी मुलगी कामाला ठेवा."

मी उठायला लागले.

"बस गो," मांय म्हणाली. मग दुकानदाराकडे वळून, "तिचो उजवो पाय चलना. डावो बरो आसा. दांडी डावीकडे कित्याक ना?"

चार वर्षांनी तिच्या तोंडून माझा पाय निघाला तो असा, दांडी डावीकडे का नाही हे विचारताना, भर दुकानात, मासळीचा भाव विचारावा तसा.

"मशीन अशीच येते, आजी."

"येऊं दी. मागीर बदलूंक येता मगे?" मग बदलता तर येते ना, असं तिचं म्हणणं.

मागे बसलेला बेळगावकडचा फिटर उठला आणि दोन्ही टेबलांखाली वाकून आला. "नवीची दांडी ओतीव हाय, तिला हात लावता यायचा न्हाई. ही जुनी बोल्टावरची. उलटी फिरवून पट्टी जोडतो की, अक्का. बसून दावा, गुडघा कुठं येतोय."

मी संकोचून उभीच राहिले. तेवढ्यात मांय स्वतःच स्टुलावर बसली, कासोटा सावरला आणि गुडघा हलवत म्हणाली, "हांगा येता."

"मांय, गुडघा माझा हवा," मी म्हटलं. त्यावर फिटर हसला, दुकानदार हसला, आणि माझी भीड मोडली.

पट्टी वाकवून बसेपर्यंत दुपार होणार होती. आम्ही बाजारात उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पातळ भाजी खायला बसलो. मी धीर करून विचारलं, "इतकी वर्षं तू माझ्या पायाबद्दल कधी बोलली नाहीस."

उंडा मोडत ती म्हणाली, "तुझ्या आवयन लग्नाआधीं माका सांगिल्लां, पायाचो विषय काडलो तर ही दोन दीस जेवना. माका घरात उपाशी सून नाका आशिल्ली."

शाळेत असताना मी खरंच तशी रुसायची. आईने ते विहिणीला सांगावं आणि तिने ते चार वर्षं पाळावं! मी तिच्यासमोरच आणखी एक उंडा मागून घेतला.

जुन्या मशीनवर डावा पाय पायडलवर ठेवून त्याच गुडघ्याने दांडी ढकलत पहिलं पान भरलं ते भोपळ्यासारखं झालं. तरी पान होतं. तीच मशीन आम्ही टेम्पोत घालून साखळीला आणली.

पहिला आठवडा दोरा तुटण्यातच गेला. मांय शेजारी बसून सुटे दोरे कापायची. शाळेचं काम कसंबसं वेळेत दिलं. पुढे मराठीवाल्यांचे कापडी फलक आले, कोंकणीवाल्यांचेही आले. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी यावरून यजमान आणि दीर घरात वाद घालायचे. मी दोन्हीकडचं भरून द्यायची, अक्षरं तर तीच होती.

नंतर शेजारच्या मुली शिकायला यायला लागल्या, तेव्हा त्यांच्यासाठी उजव्या दांडीची मशीन घेतली. माझ्या मशीनवर त्यांचं जमायचं नाही. एके दुपारी मी बाहेरून आले तर मांय माझ्याच मशीनवर बसून आपल्या चोळीच्या बाहीवर फूल भरत होती. पाकळ्या कुठच्या कुठे गेल्या होत्या.

"बघ गो, गुलाब."

"जास्वंद वाटतं, मांय."

"मागीर जास्वंद," ती म्हणाली आणि तीच चोळी घालून संध्याकाळी देवळात गेली.