आठवीचा खेळाचा तास

भूकंपानंतरच्या वर्षांत लातुरात शिकवण्यांचे पेव फुटले, तेव्हा आठवीचा खेळाचा तास मी गणितासाठी घेत असे. खेळाच्या बाईंना सांगे, "मुख्याध्यापकांचा आदेश आहे." असा आदेश कधीच नव्हता. माझा वर्ग मागे पडेल, ही भीती केवळ माझी होती.

बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी त्याच मुलांनी, आता पोराबाळांसह येऊन, मैदानावर खो-खो मांडला आणि मलाही रांगेत बसवले.

"सर, उठा की, खो दिलाय," एकीने पाठीवर थाप मारली.

मी धावलो, पडलो, मातीने माखलो, पुन्हा धावलो. बाई हसून हसून खाली बसल्या.

"सर, तुम्हाला तर लई आवडायलंय," त्या म्हणाल्या.

"बाई, तो आदेश माझाच होता. मी खोटं बोललो," मी सर्वांदेखत म्हणालो. "तुमचा आणि या मुलांचा तास हिरावला. मला माफ करा."